जाड पिन, बारीक पिन

महाडमधून बोलतोय. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय तो ऐकू येत असेल. जुलै महिन्यात आमच्याकडे यापेक्षा शांत जागा मिळत नाही, तेव्हा चालवून घ्या. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांना तेवढा त्रास कमी.

आजचा विषय एका मेसेजवरून आला. पोलादपूरच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीतला मुलगा. लिहितो, "दादा, सिलिंडर संपला की आई इंडक्शनवर जेवण करते. स्वयंपाकघरात जाड पिनचा सॉकेट नाही. हॉलमधून एक्स्टेंशन घेतलंय आणि त्याला कन्व्हर्जन प्लग लावलाय. दोन महिने झाले, काही झालं नाही. चालेल ना?"

या मेसेजमधला कन्व्हर्जन प्लग तर मला खटकलाच. पण त्याहून जास्त खटकलं ते 'दोन महिने झाले, काही झालं नाही'. आज मी मुख्यतः त्या वाक्याबद्दल बोलणार आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी वायरमन आहे. आयटीआय केलं, काही वर्षं एमआयडीसीत काढली, आता महाड-पोलादपूर पट्ट्यात घरांची आणि दुकानांची वायरिंगची कामं करतो. त्यामुळे मी जे बोलतो ते थोडं दुकानदारी भाषेत असतं. समजलं नाही तर मेसेज करा, लाजू नका.

तर, आपल्या भिंतीवर थ्री-पिनचे दोन मापांचे सॉकेट असतात. बारीक पिनचा ६ अँपिअरचा आणि जाड पिनचा १६ अँपिअरचा. जुने लोक अजून 'पाचचा' आणि 'पंधराचा' म्हणतात, तेच हे. हे माप इंग्रजांच्या जुन्या स्टँडर्डमधून आपल्याकडे आलं. आज आपलं स्वतःचं स्टँडर्ड आहे, आयएस १२९३. गंमत म्हणजे इंग्लंडने स्वतः १९४७ मध्ये नवीन स्टँडर्ड काढलं, चपट्या पिनांचा प्लग आणला आणि त्या प्लगच्या पोटातच एक छोटा फ्यूज बसवला. म्हणजे त्यांच्याकडे टेबललॅम्पची वायर गरम व्हायला लागली तर लॅम्पच्या प्लगमधलाच फ्यूज उडतो. आपण जुन्या गोल पिनाच ठेवल्या. आपल्या पिन टॉपच्या पोटात तीन स्क्रू सोडून काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जाड पिन बारीक भोकात जात नाही, याचा आपल्याला राग येतो. नवीन गिझर आणला, इस्त्री आणली, प्लग बसत नाही, मग शिव्या. पण ती अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. कंपनीने जाड पिन दिली म्हणजे तिने तुम्हाला न बोलता सांगितलं, की बाबा, ही वस्तू सहाच्या वर करंट ओढते, हिला सहाच्या जागेवर लावू नकोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं असा हा निरोप आहे. आणि कन्व्हर्जन प्लग काय करतो? तो निरोप फाडून टाकतो. एका बाजूला जाड भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पिना. चहाच्या दोन कपांच्या किमतीत बाजारात मिळतो. माझ्या हातात असतं तर मी त्याची विक्रीच बंद केली असती, पण माझ्या हातात पक्कड आहे, कायदा नाही.

जरा हिशोब करू. घाबरू नका, एकच भागाकार आहे. वस्तूवर लिहिलेले वॅट भागिले २३० व्होल्ट, उत्तर आलं ते अँपिअर. मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहेच. उलटं बघितलं तर ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १३८० वॅट घ्यायचे, १६ च्या सॉकेटमधून ३६८० वॅट. आता घरातल्या वस्तू घ्या. मोबाईलचा चार्जर, टीव्ही, पंखा, राउटर, सगळं मिळून एक अँपिअरच्या आसपास. हे सगळं एका सहाच्या बोर्डावर लावा, काही हरकत नाही. १००० वॅटची इस्त्री म्हणजे ४.३ अँपिअर. ती एकटी चालेल. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड म्हणजे साडेसहा, तिथेच सीमा ओलांडली. आणि २००० वॅटचं इंडक्शन म्हणजे ८.७.

एक्स्टेंशन बोर्डावर चार सॉकेट असले की आपल्याला वाटतं प्रत्येक सॉकेटला सहा-सहा मिळाले, चार सक चोवीस. तसं नसतं. चारही सॉकेटचा करंट त्या एकाच वायरमधून आणि त्या एकाच पिन टॉपमधून येतो. चौघांत मिळून सहा. एकत्र कुटुंबात एक टमरेल तांदूळ शिजवला आणि पानं चार मांडली, तर भात चौपट होत नाही.

आता त्या मुलाच्या घरी चला. भिंतीवरचा सॉकेट सहाचा, त्यात एक्स्टेंशनचा पिन टॉप सहाचा, बोर्डावरचा सॉकेट सहाचा, त्यात कन्व्हर्जन आणि त्यात इंडक्शनची जाड पिन. सहाची तीन ठिकाणं एकामागे एक आणि तिन्हींमधून ८.७ चाललेत. लगेच प्रश्न येतो, "मग एमसीबी पडायला नको का?"

हा गैरसमज मी रोज ऐकतो. एमसीबी म्हणजे मीटरजवळच्या डब्यातलं ते खटकन पडणारं बटण. लोकांना वाटतं तो घरातल्या सगळ्याचं रक्षण करतो. तो भिंतीच्या आतल्या वायरिंगचं रक्षण करतो, त्याचं काम तेवढंच. हॉलच्या लाईनवर १० चा एमसीबी असेल तर ८.७ ला तो कशाला पडेल? त्याच्या लेखी सगळं ठीक चाललंय. बरं, १६ चा असेल तर १६ ला बरोबर पडतो असंही नाही. स्टँडर्डप्रमाणे एमसीबीने त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंट निदान तासभर पडायचं नाही आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडायचंच. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला तासभर शांत बसेल आणि २३ अँपिअरलाही पडायला बराच वेळ घेईल. त्याच्या खाली तुमची सहाची एक्स्टेंशन आहे, हे त्याला दिसत नाही. इंग्लंडच्या प्लगमधला फ्यूज जे काम करतो, ते करणारं आपल्याकडे कोणीच नाही. ते काम तुम्हाला स्वतः करायचंय, वस्तू लावायच्या आधी.

आता येऊ 'काही झालं नाही'वर.

सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात. त्या पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात, चिमट्यासारख्या. जोवर पकड घट्ट आहे तोवर करंटला वाट रुंद आहे. रोज दीड तास त्यातून जास्त करंट गेला, तर पट्टी गरम होते. गरम झाली की तिचा ताण थोडा कमी होतो. ताण कमी झाला की पकड सैल होते, वर काळपट थर चढतो आणि करंटला वाट अरुंद होते. अरुंद झाली की दुसऱ्या दिवशी त्याच इंडक्शनला ती पट्टी कालच्यापेक्षा जास्त तापते. असं एक-एक दिवस. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

आकडा बघा. समजा त्या सैल सांध्यात अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला. ८.७ चा वर्ग साधारण ७६, त्याचा अर्धा ३८. म्हणजे ३८ वॅटची उष्णता, तीही एका पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. मोबाईल रिपेअरवाल्याकडे शिसं वितळवायला जे सोल्डरिंग आयर्न असतं ना, ते साधं २५ वॅटचं असतं. तुमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे, पडद्याच्या खाली त्याच्यापेक्षा मोठं सोल्डरिंग आयर्न रोज दीड तास चालू आहे. दोन महिने काही झालं नाही, कारण ते अजून व्हायचंय. आणि करंट वाढलेलाच नाही, त्यामुळे एमसीबीला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

हे ओळखायचं कसं? इंडक्शन अर्धा तास चालू द्या, मग भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि लगेच पिनेला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. कोमट असेल तर एकवेळ ठीक. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर तो सॉकेट आणि तो टॉप, दोन्ही बदला. एकच बदलून चालत नाही, कारण जळका सॉकेट नव्या पिनेलाही जाळतो. भोकाभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लॅस्टिक वाकलेलं, प्लग स्वतःच्या वजनाने खाली लोंबतोय, हे सगळे त्याच घरचे पाहुणे. आणि वास. तापलेल्या प्लॅस्टिकला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. आता कोकणात हा इशारा कसा कामाला येणार, सांगा! घरात सुकट भाजली असेल असंच प्रत्येकाला वाटतं. माझ्या एका गिऱ्हाईकाने तर मांजरीवर संशय घेतला होता. तेव्हा मासळी आणलेली नसताना वास आला, तर आधी बोर्ड बघा, मग मांजर.

आपल्या भागात याला अजून एक गोष्ट मदत करते, ती म्हणजे हवा. सावित्री उगम पावते महाबळेश्वरात आणि खाली उतरते ती पोलादपूर-महाडला. घाटाच्या पायथ्याशी आपण, चार महिने भिंतींना ओल. पितळेच्या पिनेवर हिरवट थर तुम्ही बघितला असेल. तो थर म्हणजे रेझिस्टन्स. त्यात आपल्याकडची कित्येक घरं वर्षातून दोनदाच उघडतात, शिमग्याला आणि गणपतीला. चाकरमानी मुंबईहून, सुरतेहून येतात, कित्येक महिने बंद असलेल्या घरात एका रात्रीत पंधरा माणसं. वाटपाला मिक्सर, अंघोळीला रॉड, इस्त्री, मखराच्या माळा, पंधरा मोबाईल. आणि हे सगळं एका जुन्या बोर्डावर, ज्याच्या आत उंदराने वायर कुरतडली आहे की नाही हे कोणी बघितलेलं नाही. गणपतीच्या आठ दिवस आधी गावात जो कोणी असेल त्याला सांगा, घर उघड, मेन बंद करून बोर्ड खोलून बघ, पिना पॉलिश पेपरने घासून ठेव. मखराची माळ सहाच्या बोर्डावर बिनधास्त लावा. रॉड नको.

वायरबद्दल बोलतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. महाडच्या बाजारपेठेत आजही जुना दुकानदार विचारतो, "तेवीस-शहात्तर देऊ का चाळीस-शहात्तर?" नवीन पोरांना हा पाढा वाटतो. त्याचा अर्थ सरळ आहे. वायरच्या आत तांब्याच्या बारीक तारा किती, तर २३ किंवा ४०. आणि एकेक तार किती जाड, तर इंचाचा ०.००७६ वा भाग. तेवीस-शहात्तर म्हणजे आजच्या हिशोबात पाऊण स्क्वेअर एमएमच्या जवळ, चाळीस-शहात्तर एक स्क्वेअर एमएमच्या जवळ. आता वायरवरच छापलेलं असतं. आयएस ६९४, तीन कोअर, १.५ स्क्वेअर एमएम, असं. सहाच्या एक्स्टेंशनला एक स्क्वेअर एमएम घ्या. सोळाच्या एक्स्टेंशनला दीडच्या खाली जाऊ नका आणि लांबी जास्त असेल तर अडीच घ्या. वायर जेवढी लांब तेवढी जाड, हे सूत्र.

आणि तांबं खरंच तांबं आहे का ते बघा. स्वस्त वायरीत आत अॅल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे छापलेला आकडा एक तृतीयांशाहून जास्त खोटा. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्याजवळ सीएम/एल म्हणून एक नंबर असतो. मोबाईलमध्ये बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप घ्या, त्यात तो नंबर टाका, लायसन्स कोणाचं आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभं राहूनच टाका. दुकानदार नाराज झाला तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

लांबीवरून रीलचं आठवलं. गोल चक्रीवर गुंडाळलेली एक्स्टेंशन मंडपवाल्यांकडे, बांधकामावर सगळीकडे दिसते. वीस मीटर वायर, एक स्क्वेअर एमएमची. करंट जाऊन परत येतो म्हणजे चाळीस मीटर तांबं, रेझिस्टन्स साधारण पाऊण ओहम. ८.७ अँपिअर गेला तर ५७ वॅट उष्णता. वीस मीटर मोकळी पसरली असेल तर हवेत निघून जाते, हाताला कळतही नाही. पण माणूस काय करतो? चार मीटर सोडतो, सोळा मीटर चक्रीवरच ठेवतो. मग आतल्या फेऱ्यांना हवा नाही, एक फेरी दुसरीला तापवते, आणि मधल्या वायरीचं प्लॅस्टिक मऊ होऊन चिकटतं. वरून चक्री छान दिसते. मोठा लोड असेल तर चक्री पूर्ण उलगडायची, अंगणात साप पसरल्यासारखी दिसली तरी चालेल.

इथपर्यंत आगीबद्दल बोललो. आता माणसाबद्दल.

थ्री-पिनमधली वरची पिन, ती लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची. लांब का? तर प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. म्हणजे वस्तूला वीज मिळायच्या आधी तिचं अंग जमिनीला बांधलेलं असतं. आणि आपण काय करतो? टू-पिनच्या एक्स्टेंशनमध्ये थ्री-पिन बसत नाही म्हणून पक्कडने ती पिन तोडतो. किंवा तीनऐवजी दोन कोअरची वायर आणतो, स्वस्त पडते.

गेल्या वर्षी पोलादपूर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. काम होतं पंखा बसवायचं. मागच्या पडवीत वॉशिंग मशीन होतं, ओल्या फरशीवर, दोन कोअरच्या एक्स्टेंशनवर. काकू कपडे काढताना हात झटकत होत्या. मी विचारलं, "काकू, काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही रे, मशीनला हात लावला की जरा मुंग्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत." सुनेने सांगितलं, पावसाळा लागल्यापासून येतात. घरातल्या पोरांनी त्याची चेष्टा करून ठेवली होती, आजीचा करंट म्हणून. मी मीटर लावला. मशीनचा पत्रा आणि ओली फरशी यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट. मशीन तिथेच बंद केलं, पंखा दुसऱ्या दिवशी बसवला. त्या घरात काकूंच्या आणि विजेच्या मध्ये जे होतं ती एक रबरी चप्पल होती. आणि धाकटा नातू अनवाणी पळत होता.

मुंग्या येणं ही तक्रार नाही, ती नोटीस आहे. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर जातात, म्हणजे २३० मिलीअँपिअर. हृदयाची लय बिघडायला त्याच्या पाव भागही पुरेसा होऊ शकतो. आणि सोळाच्या एमसीबीला ०.२३ म्हणजे एक लहान बल्ब. तो पडणार नाही. माणूस चिकटलेला असेल, आणि एमसीबी वर उभा असेल.

"मग अर्थिंग करून घेतो," असं कोणी म्हणेल. घ्याच. पण आपल्या भागातली अडचण ऐका. डोंगरउतारावरच्या वाड्यांत दोन फूट खणलं की कातळ लागतो. खड्डा खोल जात नाही, उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत. अशा अर्थिंगचा रेझिस्टन्स सहज वीस ओहम निघू शकतो. वस्तूच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. सोळाचा एमसीबी पडेल? नाही. पत्रा जिवंतच राहील. म्हणून आमच्यासारख्या कातळाच्या मुलखात अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी लागतोच. ३० मिलीअँपिअरचा. तो गेलेला आणि आलेला करंट मोजतो, आणि फरक दिसला की काही मिलीसेकंदांत लाईन तोडतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा, ओव्हरलोड त्याला कळत नाही. एमसीबी वायरसाठी, आरसीसीबी माणसासाठी, दोघांची कामं वेगळी. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे. घरात नवीन स्मार्टफोन यायच्या आधी हा यावा असं माझं मत आहे, आणि हे मत ऐकून माझे दोन मित्र माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आणि आता जे महाडमध्ये बसून टाळता येत नाही ते. २२ जुलै २०२१. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. पाणी उतरल्यावर जे राहिलं तो चिखल होता, आणि तो धुवायला सगळीकडून माणसं आली, पंप घेऊन, प्रेशर वॉशर घेऊन, जनरेटर घेऊन. चांगली माणसं. पण जरा चित्र डोळ्यासमोर आणा. घोटाभर चिखल, अनवाणी किंवा फाटक्या गमबुटात पोरं, हातात पत्र्याच्या अंगाची मोटर, आणि दोन-तीन एक्स्टेंशन एकमेकींना जोडून आणलेली वीज, ज्यांचे सांधे चिखलात पडलेत. मी आत्ता जे जे सांगितलं ते सगळं एकाच वेळी, एकाच ठिकाणी. पूर पुन्हा येणार नाही असं आपल्याला कोणी लिहून दिलेलं नाही, म्हणून हे आत्ता, कोरड्या डोक्याने ऐकून ठेवा.

पाणी बोर्डापर्यंत चढायला लागलं तर आधी मेन बंद करायचं. पण मेनचा डबाच पाण्यात असेल किंवा तुम्ही पाण्यात उभे असाल तर हात लावायचा नाही. महावितरणला १९१२ वर फोन करून लाईन बंद करायला सांगायचं. पाणी उतरल्यावर बुडालेला सॉकेट, बुडालेला बटणांचा बोर्ड, बुडालेला एमसीबी आणि आरसीसीबी उन्हात वाळवून परत लावायचे नाहीत. वरून कोरडे दिसतात, आत गाळ बसलेला असतो. पुढच्या दमट दिवशी तोच गाळ करंटला रस्ता देतो. एमसीबी तर आतून गंजून पडायच्या वेळी पडतच नाही. भिंतीतली वायर टिकू शकते, पण ती मेगरने तपासून घ्या. मेगर म्हणजे वायरचं प्लॅस्टिक अजून शाबूत आहे का ते मोजणारं मीटर, लायसन्सवाल्या वायरमनकडे असतो. बुडालेली एक्स्टेंशन? सरळ भंगारात.

धुण्याचं काम करताना एक्स्टेंशनचा सांधा जमिनीवर ठेवायचा नाही. खुर्चीला, खिडकीच्या गजाला, कशालाही बांधून कमरेच्या वर. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली म्हणजे झालं असं नाही, पिशवीत घाम धरतो. एमआयडीसीत काम केलेल्यांनी ते निळे गोल प्लग बघितले असतील, झाकणाचे, फिरवून घट्ट करायचे. त्यांच्यावर आयपी ४४ लिहिलेलं असेल तर शिंतोडे चालतात, आयपी ६७ असेल तर थोडा वेळ पाण्यात बुडालेलंही. मंडळांनी, पथकांनी वर्गणीतून असे दोन निळे प्लग, अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर आणि एका डब्यात बसवलेला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असा संच करून ठेवावा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात होतो. पंपाला तसंही जाड लागतंच, कारण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि बारीक लांब वायरीवर व्होल्टेज पडलं की ती गुरगुरत बसते आणि जळते.

जनरेटरबद्दल एकच. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये उलटी घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. असली वायर कोणाच्या घरात दिसली तर तिचे तुकडे करा. एक टोक सॉकेटबाहेर निघालं की त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. आणि मेन बंद नसेल तर ती वीज मीटरमधून मागे, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी होऊन हजारो व्होल्ट बनून लाईनवर चढते. पुरानंतर खांबावर कोण चढलेलं असतं? तुमचीच लाईट आणायला आलेला लाईनमन. त्याने लाईन बंद आहे असं समजून हात घातलेला असतो.

कोणी चिकटला तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शॉक लागून माणूस उठून बसला, हसला, तरी दवाखान्यात न्या. हृदयाची गडबड नंतरही होऊ शकते.

आता वाडीतल्या मित्रा, तुझं उत्तर. नाही, चालणार नाही. आज रात्रीच ते कन्व्हर्जन काढ. घरात कुठेही जाड पिनचा सॉकेट असेल तर इंडक्शन उचलून तिकडे ने, आईला दोन दिवस हॉलमध्ये स्वयंपाक करावा लागला तर लागू दे. शेगडी सॉकेटकडे जाऊ शकते. मग लायसन्सवाल्या वायरमनकडून मेन डब्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी लाईन ओढून घे, तिला स्वतःचा १६ चा एमसीबी, आणि टोकाला सोळाचा सॉकेट. डब्यात जागा असेल तर आरसीसीबी त्याच वेळी. खर्च किती येईल ते घर बघितल्याशिवाय सांगता येत नाही, अंतरावर आहे. आणि ते जुनं एक्स्टेंशन फेकू नकोस, पिन गरम नसेल आणि सॉकेट जळका नसेल तर मोबाईल चार्जिंगला वापर.

पुढच्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलू, पाणी कोणतं घालायचं आणि ती देवघराच्या खाली का ठेवायची नाही, यावर बरेच मेसेज आलेत. तोवर तुमच्या बोर्डाचा फोटो पाठवा. फोटो काढायच्या आधी तेवढा टॉवेल बोर्डावरून काढा.